उष्टावणाआधी बाळाची पिशवी बंद करून घ्यायची का?

पत्र थोडक्यात असं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईने लिहिलंय, वय २५, पहिलंच बाळ, मुलगा, आता साडेपाच महिन्यांचा. जन्मला तेव्हा शीची जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेऊन पोटावर वाट काढली, म्हणजे कोलोस्टॉमी केली, तेव्हापासून पिशवी आहे. तिसऱ्या महिन्यानंतर बाळ रडलं की पोटावरच्या दोन भोकांपैकी (वरच्यातून शी येते, खालचं आतड्याच्या पुढच्या बंद टोकाकडे जातं) खालच्या भोकातून आतडं बोटभर बाहेर यायला लागलं, आजूबाजूची कातडी सोललीय, वजन पाच किलो शंभर. घरचे म्हणतात ऑपरेशन बिघडलं. नात्यातल्या कुणाच्या ओळखीच्या एका सर्जनने बाळाला न बघताच फोनवर सांगितलं की आणा, पंधरा दिवसांत बंद करून देतो. पहिले डॉक्टर म्हणतात वजन वाढू दे, मग औषध सोडून एक्स-रे काढू, मग दुसरं ऑपरेशन. सासूबाईंना उष्टावणाआधी सगळं मिटायला हवंय, कारण नातेवाइकांना फक्त 'पोटाचं छोटं ऑपरेशन' एवढंच माहितेय. आणि शेवटी तिने लिहिलंय, 'सहाव्या महिन्यात ग्रहण होतं आणि मी मेथी निवडून चिरली होती. ताई, माझंच चुकलं का? आणि बंद करून घेऊ की थांबू?'

तुला तू म्हणते, चालेल ना, माझ्या धाकट्या भाचीएवढी आहेस. मी लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात सिस्टर म्हणून पंचवीसेक वर्षं काढली, त्यामुळे ही पोटावरची वाट, पिशवी, सोललेली कातडी, रात्री तीनला भरून वाहणारी पिशवी हे सगळं मी जवळून बघितलंय. पण मी डॉक्टर नाही आणि तुझ्या बाळाला मी बघितलेलं नाही, तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाच.

पहिल्यांदा ज्याला वेळ नाही ते सांगते. बाहेर आलेलं आतडं ओलं, गुलाबी-लाल आणि मऊ असेल, बाळ शांत झालं की आपोआप किंवा हलक्या हाताने आत जात असेल, बाळ दूध पीत असेल, वरच्या भोकातून शी होत असेल, तर ती इमर्जन्सी नाही, दोन-चार दिवसांत दाखवायला नेलंस तरी चालेल. पण ते जांभळं, काळं किंवा एकदम पांढरट पडलं, सुजून कडक झालं, आत जाईना, हिरवी उलटी झाली, पोट ढोलासारखं फुगलं, शी-गॅस दोन्ही बंद झालं, रक्त पुसल्यावरही थांबेना, किंवा टाळू खोल गेलीय आणि पाच-सहा तास शू नाही, यातलं एकही दिसलं तर ओल्या स्वच्छ कपड्याने ते आतडं झाकायचं आणि निघायचं, सकाळची वाट बघायची नाही, कुणाला विचारत बसायचं नाही. जोर लावून ढकलायचं तर अजिबात नाही. वॉर्डात सुजलेल्या आतड्यावर आम्ही साधी साखर टाकायचो, साखर पाणी ओढून घेते आणि सूज उतरते, हे कुणीतरी तुला सांगेलच म्हणून आधीच सांगते की ते डॉक्टर बघत असताना करायचं काम आहे, घरी नको.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते. घरात सगळे बसलेले असताना एक साधा प्रश्न विचार, बंद केल्यावर शी कुठून येणार?

खरंच विचार. तुझ्या पत्रात 'बंद' हा शब्द मी मोजला, नऊ वेळा आलाय, पण खालची शीची जागा तयार झालीय का याबद्दल एक ओळ नाही, कारण ती झालेलीच नाही. तुमच्या घरात पिशवी हाच आजार समजला गेलाय, ती गेली की बाळ बरं. आजार खाली आहे गं, जिथे वाट नव्हती तिथे. पिशवी म्हणजे रस्ता होईपर्यंत काढून दिलेलं वळण. आपल्याकडे पुलाचं काम चालू असताना शेतातून कच्चा रस्ता देतात ना, खड्डे असतात, धूळ उडते, गाड्या घसरतात, सगळे शिव्या घालतात, पण पूल व्हायच्या आधी तो कच्चा रस्ता बंद केला तर काय होईल ते तुझ्या सासऱ्यांनाही पटेल.

अशा बाळांमध्ये बहुतेकदा काम तीन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा पोटावरची वाट, तो झालाय. दुसरा टप्पा खालची नवी जागा तयार करणं, त्या ऑपरेशनला डॉक्टर लोक पीसार्प म्हणतात, ही पद्धत मेक्सिकोत अल्बर्टो पेन्या नावाच्या सर्जननी १९८० साली पहिल्यांदा केली आणि आज जगभर प्रामुख्याने हीच वापरतात. त्यानंतर काही आठवडे-महिने नवी जागा हळूहळू रुंद करायची, आणि मग तिसरा टप्पा, पोटावरची वाट बंद करायची. तुझे डॉक्टर म्हणतात तो औषध सोडून काढायचा एक्स-रे टाळाटाळ म्हणून नाही. मुलांमध्ये आतड्याचं खालचं टोक बऱ्याचदा लघवीच्या नळीला जोडलेलं असतं, नेमकं कुठे ते त्या फोटोत दिसतं. पोटावरच्या खालच्या भोकातून औषध सोडतात आणि ते कुठपर्यंत जातंय ते बघतात. तो फोटो न काढता आत शिरलं तर लघवीच्या नळीला इजा व्हायची भीती असते, आणि ते नुकसान आयुष्यभराचं. म्हणून फोनवर पंधरा दिवसांची तारीख देणाऱ्या माणसाबद्दल मला वाईट बोलायचं नाही, पण त्याने बाळ बघितलं नाही, कागद बघितले नाहीत आणि तारीख दिली, हे मला आवडलेलं नाही.

तरी तुम्हाला दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान वगैरे काही नसतो. फक्त पीडियाट्रिक सर्जनकडेच जा, जनरल सर्जन कितीही हुशार असला तरी हे काम त्याचं नाही. मुंबईत वाडिया, केईएम, सायन, पुण्यात ससून, इथे या विषयाचे स्वतंत्र विभाग आहेत. जाताना डिस्चार्ज कार्ड, पहिल्या ऑपरेशनची नोट, किडनीची सोनोग्राफी, हार्टची टूडी इको, पाठीच्या मणक्याचा एक्स-रे यातलं जे झालंय ते न्या, झालेलं नसेल तर का नाही ते विचारा, कारण अशा बाळांमध्ये किडनी, हृदय, मणका यातही कधीकधी काहीतरी असतं आणि बेशुद्ध करायच्या आधी ते माहीत असावं लागतं. आणि त्यांना नेमकं विचारा की 'बंद' म्हणजे तुम्ही काय करणार? बाहेर येणारं आतडं आत घेऊन पोटावरची जागा नीट करणार, खालची जागा करणार, की दोन्ही एकदम? या तिन्ही गोष्टींना घरी आल्यावर लोक 'बंद केलं' असंच म्हणतात, पण तिन्ही वेगवेगळ्या आहेत. खर्चाचं म्हणशील तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत लहान मुलांच्या सर्जरी येतात, हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार घेऊन भेट, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी धावपळ करू नकोस.

आता 'ऑपरेशन बिघडलं' याबद्दल. तुला राग आलाय हे मला समजतं, नवऱ्यालाही आलाय, पण आतडं बाहेर येणं, कातडी सोलणं, भोक अरुंद होणं, आत ओढलं जाणं, बाजूने हर्निया होणं, हे सगळे लहान बाळांच्या स्टोमाचे, म्हणजे पोटावरच्या वाटेचे, ओळखीचे त्रास आहेत, चांगल्या हाताने केलेल्या ऑपरेशननंतरही होतात. कारण समजून घे. वाट काढली तेव्हा बाळ दोन दिवसांचं होतं, आतडं शी साठून फुगलेलं होतं, त्या मापाने पोटाला भोक पाडावं लागलं, नंतर आतडं आपल्या मूळ मापावर आलं आणि भोक सैल राहिलं. त्यात बाळ रडतं, खोकतं, कुंथतं, पोटात दाब वाढतो आणि मोकळं असलेलं टोक बाहेर सरकतं. कधी ऑपरेशनची पद्धतही कारण असते, ते मी नाकारत नाही, म्हणून तर ऑपरेशनची नोट बघायला सांगितली. पण 'त्रास झाला म्हणजे कुणीतरी चुकलं' असं धरून चाललात तर तुम्ही डॉक्टर बदलत राहाल आणि प्रत्येक नवा माणूस पहिल्या पानापासून सुरू करेल. बाळाला रडू दिलंस म्हणून बाहेर आलं असंही तू लिहिलंयस. साडेपाच महिन्यांचं बाळ न रडता कुणी सांभाळून दाखवलंय का?

थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नाही. बाहेर आलं की फोटो काढ, वेळ आणि किती लांब ते वहीत लिही, आत किती वेळात गेलं ते लिही. हे वारंवार होत असेल किंवा आत जायला वेळ लागत असेल तर डॉक्टर छोटं ऑपरेशन करून ती जागा दुरुस्त करू शकतात, किंवा वजन बरं असेल तर दुसरा टप्पा थोडा लवकर घेऊ शकतात. यातलं काय, हे फोटो आणि वही बघून त्यांना जास्त नीट सांगता येईल, 'लई बाहेर येतंय' एवढ्यावरून नाही. वजनाचंही तसंच, दर आठवड्याला एकाच काट्यावर, कपडे काढून. आणि सर्दी-खोकला नसताना ताप आला तर लघवी तपासायला सांग, आतडं लघवीच्या नळीला जोडलेलं असेल तर इन्फेक्शन तिथून होतं आणि वजन न वाढायचं तेही एक कारण असतं.

कातडीबद्दल मला जास्त बोलायचंय कारण बाळाचं रडणं बहुधा तिथून येतंय. ते लाल मांसासारखं दिसतं ना, आतडं, त्याला हात लावला तर दुखत नाही, तिथे दुखणं कळवणाऱ्या नसा नसतात, पुसताना दोन थेंब रक्त आलं तरी घाबरायचं नाही. दुखते ती कातडी. बाळाची वाट मोठ्या आतड्याची आहे, शी तशी घट्ट असते, त्यामुळे कातडी एवढी सोलली असेल तर बहुतेक वेळा पिशवीत काहीतरी चुकतंय. तू लिहिलंयस की आजेसासू रोज खोबरेल तेलाने मालिश करतात. बाई, तिथेच अर्धं उत्तर आहे! तेलकट पोटावर पिशवी चिकटत नाही, कडेने शी आत शिरते आणि वरून पिशवी लागलेली दिसते म्हणून आपण ती दोन दिवस तशीच ठेवतो. मालिश करा की, पण पोट सोडून, पाय, पाठ, हात.

पिशवी काढताना ओढायची नाही, कोमट पाण्याने भिजवत एका हाताने कातडी दाबत सोडवायची. साध्या पाण्याने पुसायचं, वासाचे वाइप्स नकोत, डेटॉल नको, हळद-राख-टाल्कम काही नको. मऊ सुती कापडाने टिपून पाच मिनिटं उघडं ठेवायचं, तेवढ्यात बाळ कारंजं उडवणारच, जवळ कापड ठेव. दर आठवड्याला माप घे, दुधाच्या स्वच्छ पिशवीचा पारदर्शक तुकडा वर धरून पेनने गोल काढायचा, कातडीकडची बाजू धुतलेली असू दे, आणि पिशवीचं भोक त्याच्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठं कापायचं. तुझ्या बाळाचं आतडं बाहेर येतं म्हणून तुला एक अडचण आहे, भोक नेमकं कापलं तर बाहेर आलेल्या आतड्याला कडा काचते, मोठं कापलं तर कातडी उघडी पडते. यावर आम्ही भोकाच्या कडेला चारी बाजूंनी अगदी छोट्या चिरा द्यायचो, म्हणजे आतडं फुगलं की कडा पाकळ्यांसारखी उघडते, एकदा सिस्टरकडून समोर करून बघ. ओल्या सोललेल्या जागी स्टोमा पावडर टाकून जादाची झटकायची आणि मग पिशवी. झिंक क्रीम आणि पिशवी एकत्र चालत नाहीत, क्रीम असेल तर चिकटणार नाही. पिशवी लावायच्या आधी हातांत मिनिटभर धरून गरम कर, नीट बसते. एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. आणि लाल भडक चट्टा असून त्याच्या बाहेर बारीक बारीक पुटकुळ्या दिसत असतील तर ते फंगस असतं, त्याला डॉक्टरांची वेगळी पावडर लागते, साध्या पावडरीने महिनाभर काही होत नाही.

पिशव्या परवडत नाहीत म्हणून तू एकच पिशवी चार चार दिवस ओढतेस, हे तू कंसात लिहिलंयस, लाजून. त्यापेक्षा दिवसा पिशवीच लावू नकोस. जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे मऊ चौकोन कर, कातडीवर पेट्रोलियम जेली किंवा झिंक क्रीमचा जाड थर, त्यावर कापड, वरून सैल लंगोट, आणि भिजलं की लगेच बदल. गावाकडच्या कितीतरी बाळांची पिशवी न वापरता छान कातडी राहिलेली मी बघितलीय, उलट महागडी पिशवी चुकीची लावून सोललेली पोटंही बघितलीयत. मात्र संध्याकाळी पिशवी लावायच्या आधी क्रीम पूर्ण काढून पोट कोरडं करायचं.

लहान आतड्याची वाट असलेल्या बाळांच्या आयांनी मात्र हे कापडाचं आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. तिथे पातळ, जळजळीत पाणी सतत येतं आणि कातडी काही तासांत सोलते. त्या बाळांचा दुसरा धोका तर डोळ्यांना दिसतच नाही, त्या पाण्यातून मीठ निघून जातं, बाळ दूध भरपूर पितं आणि वजन जागचं हलत नाही, रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि लघवीतलं सोडियम तपासल्यावर कळतं की शरीरात मीठच उरलेलं नाही. त्यामुळे पिशवीतून दिवसाला किती मिली निघतं ते लिहून ठेवा, वजन अडकलं तर लघवीच्या सोडियमची तपासणी करायची का हे स्वतःहून विचारा, आणि मनाने मीठ-साखरेचं पाणी पाजू नका, डॉक्टर सांगतील तेवढंच.

आता जे तू विचारलंच नाहीस ते. तुझ्या घरात हे गुपित आहे, आणि त्याची किंमत तू एकटी भरतेयस. सहा जणांच्या घरात पिशवी बदलता येणारे हात फक्त तुझे दोन, कारण बाकीच्यांनी बघायचंच नाही असं ठरलंय. साडेपाच महिन्यांत तू सलग चार तास झोपली नाहीस असं लिहिलंयस. पुढे अजून काम आहे गं, दुसऱ्या ऑपरेशननंतर साधारण दोन आठवड्यांनी धातूच्या गोल कांड्यांनी नवी जागा रुंद करायला शिकवतात, बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदा, घरी, आईबापांनी करायचं असतं. बाळ रडतं, आईचा हात थरथरतो, तेव्हा पाय धरायला दुसरं माणूस लागतंच. आणि तिसऱ्या टप्प्यानंतर दिवसातून दहा-पंधरा वेळा शी होऊ शकते, खालच्या कातडीला शीची सवयच नसते, ती भयंकर लाल होते. म्हणून आजपासून नवऱ्याला पिशवी रिकामी करायला शिकव, पुढच्या आठवड्यात लावायला. त्याला किळस येईल, येऊ दे, तुलाही पहिल्यांदा आली असेल. सगळ्या गावाला सांग असं मी म्हणत नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा, पण घरातल्या घरात लपवालपवी नको.

सासूबाईंना एक गोष्ट सांग. १७९३ साली फ्रान्समध्ये ब्रेस्ट गावात दुरे नावाच्या सर्जनने अशाच तीनेक दिवसांच्या बाळाच्या पोटावर वाट काढली, तेव्हा भूल नव्हती, अँटिबायोटिक नव्हतं, पिशवी नव्हती, आणि तो माणूस पंचेचाळीस वर्षांचा होऊन गेला, आपल्याकडे सवाई माधवराव पेशवे होते तेव्हाची गोष्ट. त्याला दुसरा-तिसरा टप्पा मिळालाच नाही, तुमच्या नातवाला मिळणारे. अर्थात पुढे सगळं शंभर टक्के नॉर्मल होईल असं वचन मी देणार नाही, शीवर ताबा किती येतो हे दोष कुठल्या प्रकारचा आहे आणि मणक्याचं खालचं हाड कसं आहे यावर बरंच अवलंबून असतं, बद्धकोष्ठाचा त्रास तर पुष्कळ मुलांना होतो, त्यासाठी वर्षानुवर्षं दाखवत राहावं लागतं. ते डॉक्टरांना स्पष्ट विचार.

आणि ग्रहण. शी आणि शूची वाट पोटातल्या बाळात वेगळी होते ती गर्भारपणाच्या दुसऱ्या महिन्यात, म्हणजे काही बायकांना दिवस गेलेत हेसुद्धा धड कळलेलं नसतं तेव्हा. तू मेथी चिरलीस सहाव्या महिन्यात. जे व्हायचं होतं ते चार महिने आधीच होऊन गेलं होतं. साधारण पाच हजार जन्मांत एका बाळाला हा दोष असतो, ग्रहण न पाळणाऱ्या देशांतही. हे वाक्य ज्यांनी तुला ग्रहणाचं ऐकवलं त्यांच्यासमोर मोठ्याने वाच, माझं नाव सांग.

तर उत्तर, पंधरा दिवसांत बंद करून घेऊ नकोस. या आठवड्यात पहिल्या डॉक्टरांकडे फोटो आणि वही घेऊन जा, आतडं बाहेर येण्यावर आता काय करणार आणि किती वजनाला एक्स-रे काढणार या दोन गोष्टींची स्पष्ट उत्तरं मागून घे, समाधान नाही झालं तर दुसऱ्या पीडियाट्रिक सर्जनकडे.

उष्टावण मात्र ठरल्या दिवशी कर. सहा महिने पूर्ण झाले की पोटावर पिशवी असलेलं बाळही खातं, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर मऊ भात, वरण, तूप सगळं चालतं, अंगावरचं दूध चालूच ठेव. निघायच्या आधी पिशवी रिकामी कर, समोरून बांधायचं सैल झबलं घाल, बॅगेत दोन कापलेल्या पिशव्या आणि कापडं ठेव, आणि मामाच्या मांडीवर बसवताना पोटाला घट्ट धरू नको एवढंच सांग. पुढे कधी बीट भरवलंस तर पिशवीत लाल दिसेल, तेव्हा डॉक्टरांना फोन करायच्या आधी काल काय भरवलं ते आठव.